ल माँची २४ तासांची रेस : मित्रांसोबत बघायची पण आणि कॅमेऱ्यात आणायची पण

सगळ्यात कामाचं आधीच सांगून टाकतो, पुढचं नाही वाचलं तरी चालेल. फोटो बुधवारी आणि गुरुवारी काढा, शनिवार-रविवारी रेस बघा. बस्स. हे उलट केलंत की काय होतं ते मी पहिल्या वेळेला करून बसलोय. आम्ही चौघं गेलो होतो, कॅमेरा फक्त माझ्याकडे, शनिवारी दुपारी चार वाजता रेस सुटली तेव्हा बाकीचे तिघं आरामात बसून ओरडत होते आणि मी तीन रांगा मागे, लोकांच्या टोप्यांच्या मधून लेन्स घुसवायचा प्रयत्न करतोय. रात्री त्यातल्या एकाने सहज विचारलं की पुढे कोण आहे रे आता, तर मला माहीतच नाही! एवढ्या लांब जाऊन, एवढे पैसे घालून. आणि फोटो? अर्ध्यांत डोकी, उरलेल्यांत जाळी.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. फ्रान्समध्ये पॅरिसच्या नैऋत्येला ल माँ नावाचं शहर आहे (बरेच जण ले मान्स लिहितात, चालतंय), तिथे १९२३ पासून ही रेस होते, जून महिन्यात, शनिवारी दुपारी चारला सुरू आणि रविवारी दुपारी चारला बंद. एका लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, लांबी १३.६२६ किलोमीटर. गाड्या ६२, एका गाडीत आळीपाळीने तीन ड्रायव्हर, आणि तीन वर्गांच्या गाड्या एकदमच ट्रॅकवर असतात: हायपरकार (सगळ्यात जोरात, रेस हीच जिंकते), एलएमपी२ (ह्या पण फक्त रेससाठीच बनवलेल्या, पण थोड्या हळू) आणि एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या). पावसाने घोळ घातला नाही तर जिंकणारी गाडी २४ तासांत पाच हजार किलोमीटरच्या वर पळते. फॉर्म्युला वनसारखं दोन तासांत खेळ खल्लास असं नाही, त्यामुळे इथे फोटो काढणाऱ्याला वेळ भरपूर मिळतो, पण बघणाऱ्याची आणि काढणाऱ्याची दोघांचीही वाट लागते कारण झोप नावाचा प्रकार मधे येतो.

तिकीट आणि जायची तयारी

तिकिटं आदल्या वर्षीच विकायला निघतात आणि आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, २०२३ च्या शताब्दी रेसपासून गर्दी सव्वातीन लाखाच्या आसपास जाते आणि तिकिटं संपतात. म्हणजे मित्रांच्या ग्रुपवर "बघू रे, नंतर ठरवू" करत जे बसतात त्यांच्यासाठी ही ट्रिप नाही. आमच्याकडे नियम आहे, विक्री उघडायच्या आधी प्रत्येकाने पैसे टाकायचे, ज्याचे आले तो येतोय, ज्याचे नाही आले तो येत नाहीये, राग-बिग मानायचा नाही.

तिकिटाचं गणित सोपं आहे. साधं जनरल तिकीट घेतलं की ट्रॅकच्या बाजूने पब्लिकला जिथे जिथे जाता येतं तिथे जाता येतं, मातीचे उतार, कुंपणाच्या कडा, सगळं. ग्रँडस्टँडची सीट वेगळी विकत घ्यावी लागते. फोटो काढणाऱ्याला सीटचा काडीचा उपयोग नाही कारण तो तिथे बसणारच नाही, पण बघणाऱ्यांना आहे, पाय टेकायला जागा, पिट (गाड्या थांबून टायर-पेट्रोल घेतात ती जागा) दिसतात, पाऊस आला तर बऱ्याच स्टँडला छप्पर. म्हणून ग्रुपमध्ये सगळ्यांनी सारखंच तिकीट घ्यायचा हट्ट करू नका. सीटचा खर्च कॉमन हिशोबात घालू नका, कॅमेरावाला मनातल्या मनात धुसफुसतो (अनुभव).

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी मोठ्या माणसाला ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. प्रत्येकाची फाइल वेगळी असते, ग्रुपचा व्हिसा म्हणून काही एकत्र मिळत नाही, त्यामुळे एकाचा अडकला तर बाकीच्यांनी काय करायचं हे आधीच बोलून ठेवा. जून म्हणजे युरोपचा सीझन, मे महिन्यात अपॉइंटमेंट शोधत बसाल तर बसूनच राहाल.

पॅरिसला उतरून माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही (फास्ट ट्रेन) पकडली की साधारण तासाभरात ल माँ. स्टेशनजवळून टी१ ट्राम मिळते, तिचा शेवटचा स्टॉप आंतारेस, तिथे उतरलं की सर्किट चालत. ट्रामचं हे सुख भाड्याच्या गाडीत नाही कारण रेसच्या दिवशी सर्किटभोवतीचे रस्ते तुंबलेले असतात, त्यात सर्किटचा मोठा भाग म्हणजे एरवीचा साधा सार्वजनिक रस्ताच आहे, तो बंद. गाडी घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आधी काढून ठेवा, चालवायचं उजव्या बाजूने, हायवेवर १३० ची लिमिट आणि पावसात ११०. आणि हात जोडून सांगतो, रविवारी संध्याकाळी रेस संपल्यावर लगेच गाडी मारून परतू नका. दोन रात्री धड झोप नाही, उन्हात डोकं तापलेलं, आणि बाजूला बसलेला मित्र "मी जागा आहे, तू चालव" म्हणत पाचव्या मिनिटाला घोरायला लागतो. रविवारची रात्र तिथेच काढा.

राहायचं कुठे? हॉटेलं एक तर फुल्ल किंवा किडनी विकावी लागेल. खरी मजा कॅम्पिंगमध्ये आहे, सर्किटच्या आतबाहेर कॅम्पसाइट आहेत, हू, मेझाँ ब्लांश, तर्त्र रूज, आर्नाज वगैरे, जागा प्लॉटवर विकतात. इथे प्लॉट घेताना भाव नका बघू, नकाशा बघा. फोटो काढायचे असतील तर तर्त्र रूज वळणाजवळचं काहीतरी मिळालं तर डोळे मिटून घ्या, तंबूतून उठलं की दहा मिनिटांत ट्रॅकवर, पहाटे पाचला हे फार जास्त महत्त्वाचं ठरतं, का ते पुढे सांगतो. तोटा एकच, रात्रभर डोक्याजवळून गाड्या जातात. अर्थात झोपायला आलात कशाला.

सामान

कॅमेऱ्याचं सामान सगळं हँडबॅगेत. एक्स्ट्रा लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्याच नाहीत, नियमच आहे तो, बॅटरीच्या धातूच्या टोकांवर टेप लावून वेगळ्या ठेवायच्या. कॅमेरा आणि लेन्सचे सिरीयल नंबर लिहून फोनमध्ये ठेवा, चोरी झाली तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात. ड्रोन घरी ठेवा, सर्किटवर चालत नाही.

लेन्स किती? मला विचाराल तर दोन. एक १००-४०० मिमी किंवा तसली लांब झूम, आणि एक छोटी, हलकी, मोठ्या अ‍ॅपर्चरची (उजेड आत येतो ते लेन्सचं भोक), ३५ किंवा ८५ मिमी. पहिल्या वेळेला मी चार नेल्या आणि दोन कधी बॅगेतून बाहेरच आल्या नाहीत, खांदा मात्र आठवडाभर दुखला. ट्रायपॉड नकोच, गर्दीत लोकांच्या पायात येतो. मोनोपॉड ठीक. त्यापेक्षा एक जुनी चादर न्या, मातीच्या उतारावर बसायला, लेन्सखाली गुंडाळी करून ठेवायला, रात्री पांघरायला आणि पावसात कॅमेऱ्यावर टाकायला. एवढी मल्टिपर्पज अ‍ॅक्सेसरी कुठल्या कंपनीने काढली नाहीये अजून.

कानात घालायचे इअरप्लग, ह्यावर चर्चा नाही. हायब्रिड टर्बो गाड्या तशा सभ्य आहेत, पण कॅडिलॅकचा साडेपाच लिटरचं व्ही८ इंजिन पुढून गेलं की छातीत हलतं, आणि २०२५ पासून अ‍ॅस्टन मार्टिनची साडेसहा लिटर व्ही१२ वाली वाल्कीरी पण आलीय, तिचा आवाज तर दिसायच्या आधी ऐकू येतो. ऐकायला स्वर्ग, पण २४ तास नाही. सोबत एक छोटा एफएम रेडिओ, ९१.२ वर रेडिओ ल माँची इंग्रजी कॉमेंट्री लागते. फोनवर अवलंबून राहू नका, तीन लाख लोक एकाच टॉवरला लटकलेले असतात, नेट गुडघे टेकतं. रेडिओ असला की कॅमेरावाल्याला पण कळतं पुढे कोण आहे ते, माझ्यासारखी फजिती होत नाही.

आणि जॅकेट. जून आहे म्हणून हसू नका, दुपारी भाजून निघाल आणि रात्री तीनला दात वाजतील. पाऊस कधीपण. २०२४ ला रात्री एवढा पाऊस लागला की चार तासांच्या वर गाड्या सेफ्टी कारच्या (ओव्हरटेक न करता सगळ्यांना हळू फिरवणारी गाडी) मागे रांगेत फिरत होत्या.

बुधवार-गुरुवार, म्हणजे तुमचे खरे फोटोचे दिवस

रेसच्या आठवड्यात बुधवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंग (रेसला कोण पुढून आणि कोण मागून सुटणार ते ठरतं ते) असतं, दुपारपासून ते रात्री बारापर्यंत तुकड्या-तुकड्याने. वेळा दरवर्षी थोड्या हलतात, टाइमटेबल आधी बघून घ्या. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच, संध्याकाळचा उजेड तोच, अंधार तोच, आणि गर्दी रेसच्या पाव पण नाही. कुंपणाशी आरामात उभं राहता येतं, जागा बदलता येते, बाजूचा माणूस "ये, इथून घे" म्हणून सरकतो. मित्र पण ह्या दिवशी तुमच्यावर वैतागत नाहीत कारण त्यांचं काही सुटत नसतं, ते शहर फिरतात, सर्किटच्या मेन गेटजवळचं २४ तासांचं म्युझियम बघतात, झोपा काढतात.

कुठे उभं राहायचं तर डनलॉप पुलाखालून गाड्या उतरतात, मग एसेसची डावी-उजवी वळणं आणि मग तर्त्र रूज, हा सगळा पट्टा चालत करता येतो आणि बाजूला मातीचे उंच उतार आहेत. उंचीचा फायदा काय, तर जाळीच्या वरून फोटो मिळतो. ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला म्युल्सान आणि आर्नाज ही हळू वळणं, तिकडे चालत जायचा विचार करू नका, शटल बस असतात. आणि मधली युनोदिएरची ती प्रसिद्ध सरळ, तिथे पब्लिकला उभं राहायला परवानगीच नाही. ती पूर्वी सलग सहा किलोमीटर होती, १९८८ ला तिथे एका गाडीने ताशी ४०५ चा आकडा गाठला, मग १९९० ला मधे दोन शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम टाकलेली डावी-उजवी वळणं) टाकल्या.

जाळीबद्दल कुरकुर सगळेच करतात. १९५५ ला इथेच एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली होती, ८० च्या वर माणसं गेली. तेवढं लक्षात ठेवलं की जाळीवर राग येत नाही. आणि जाळी गायब करता येते, अगदी. लेन्स जाळीच्या जेवढी जवळ नेता येईल तेवढी न्यायची (जिथे पब्लिकचं कुंपण जाळीला लागून आहे तिथे), झूम पूर्ण लांब, अ‍ॅपर्चर सगळ्यात मोठं, म्हणजे एफ ४, ५.६ जे काय असेल ते. जाळीच्या तारा एवढ्या धूसर होतात की दिसत नाहीत. फक्त ज्या तारांवर ऊन पडलंय तिथून नाही, तिथे सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा येतो. सावलीतली जाळी शोधायची. नसेल तर टोपी धरून सावली करायची, मित्र हवेत ते ह्यासाठीच.

आता मेन गोष्ट, पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं. नवीन माणूस काय करतो, गाडी जोरात आहे म्हणून शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) सेकंदाच्या १/२००० ला ठेवतो. फोटो एकदम शार्प येतो आणि गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते, चाकाचा आरा न आरा मोजता येतो. वेग दाखवायचा तर शटर खाली आणावं लागतं आणि गाडीबरोबर स्वतः फिरावं लागतं. असं करा, जिथे फोटो घ्यायचाय त्या जागेकडे पाय आणि गुडघे आधी वळवून ठेवा. मग पाय न हलवता कंबरेतून गाडी येते त्या बाजूला पिळा. कोपरं पोटाला चिकटलेली. गाडी लांबून दिसली की व्ह्यूफाइंडरमध्ये पकडा, फोकस कंटिन्युअसवर, पॉइंट दरवाज्यावरच्या नंबरवर, आणि तिच्याबरोबर उलगडत या. समोर आली की बटण दाबा पण थांबू नका, गोलंदाज बॉल टाकल्यावर हात थांबवतो का? तसाच हात पुढे जाऊ द्या. दाबताना थांबलात की फोटो गेला, शंभरातले नव्वद इथेच जातात.

सुरुवात १/२५० पासून, तास-दीड तास तेवढंच. हातात बसलं की १/१२५, मग १/६०. १/३० ला एका संध्याकाळी मी दोनशेच्या वर काढले, त्यातले तीन ठेवले, पण ते तीन असे आहेत की गाडीचं नाक आणि नंबर कडक आणि बाकी सगळं जग रंगांच्या पट्ट्या झालंय. आधी मोठा लॉट १/२५० ला सुरक्षित घ्या आणि मगच जुगार खेळा. दुपारच्या उन्हात एवढं हळू शटर ठेवलं की अ‍ॅपर्चर एफ १६, एफ २२ ला जातं आणि सेन्सरवरची धूळ न धूळ आकाशात ठिपके बनून दिसते, तर एक एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळी काच, उजेड कमी करते) ठेवा खिशात. अर्थात पॅनिंगला जाळी धूसर करायला मोठं अ‍ॅपर्चर आणि शटर हळू, दोन्ही हवं, म्हणजे फिल्टरशिवाय सुटका नाहीच.

बर्स्ट (एका दमात सलग फोटो) दाबून ठेवू नका, मशिनगन चालवल्यासारखं. कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, म्हणजे बफर, भरतो आणि नेमकी चांगली गाडी येते तेव्हा कॅमेरा "थांब, लिहितोय" म्हणतो. तीन-चार फ्रेमचे छोटे ठोके. एक लॅप हायपरकारला साधारण साडेतीन मिनिटांचा आहे, हुकली तर परत येणारच आहे ती, कुठे जातीय.

रात्र पण गुरुवारीच उरकून घ्या. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे नऊ ते साडेदहा हा जो तिरपा सोनेरी आणि मग निळा उजेड आहे त्यात प्रॅक्टिस चालू असण्याची शक्यता असते, टाइमटेबलमध्ये हेच शोधायचं. पूर्ण अंधार झाला की आर्नाज किंवा म्युल्सानला जा. म्युल्सानला तर गाड्या तीनशेच्या वरून ब्रेक मारतात आणि चाकाच्या आत डिस्क लालभडक होते, चुलीतल्या निखाऱ्यासारखी. समोरून घेऊ नका, हेडलाइट सगळं खाऊन टाकतात आणि ऑटोफोकस वेडा होतो, बाजूने किंवा थोडं मागून घ्या. मॅन्युअल मोड, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० ते ६४००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, १/६० च्या आसपास पॅनिंग. फोटोत दाणे येणार, येऊ द्या. मागे कॅम्पसाइटचे दिवे असतील तर ते पट्ट्या होऊन येतात, फार भारी दिसतं.

आणि जायंट व्हील. सर्किटच्या आत जत्रा असते, तिथला मोठा पाळणा रात्री झगमगतो. चादरीची गुंडाळी करून कॅमेरा त्यावर टेकवा, आयएसओ १००, एफ ११, दहा ते वीस सेकंद, सेल्फ टायमर. गाड्यांच्या लाइटच्या रेषा आणि मागे पाळण्याचं चक्र. हा फोटो जगातल्या प्रत्येकाने काढलाय, तरी काढा, तुमचा स्वतःचा असला की वेगळा वाटतो.

शुक्रवारी ह्या रेसच्या गाड्या ट्रॅकवर येत नाहीत. ड्रायव्हरांची परेड शहरात असते, उघड्या जुन्या गाड्यांतून, आणि पिट लेन पब्लिकला उघडतात, तिथे मेकॅनिक टायर बदलायचा सराव करत असतात. इथे ३५ ची लेन्स. ह्या दिवशी मित्रांचे पण फोटो काढा रे, आमच्या पहिल्या ट्रिपचा हजारो फोटोंचा ढीग आहे आणि चौघं एकत्र असा एकच, तो पण कुणीतरी अनोळखी माणसाने काढलेला, त्यात माझे डोळे बंद.

शनिवार-रविवार

आता कॅमेरा खाली. म्हणजे पूर्ण नाही, पण रेसचे २४ तास पुरतील एवढ्या तीनच खिडक्या मी ठेवतो: सूर्यास्त, पहाट आणि शेवट. बाकी वेळ बघायचं.

सुरुवातीला मित्रांबरोबर बसा. इथे पूर्वी ड्रायव्हर पळत येऊन गाडीत उडी मारायचे, १९६९ ला जॅकी इक्स निषेध म्हणून मुद्दाम चालत गेला, सगळ्यात शेवटी निघाला आणि रेस जिंकला. आता रोलिंग स्टार्ट (गाड्या चालत्या असतानाच रेस सुटते) असतो, पण ६२ गाड्यांचा जथा एकदम डनलॉपकडे चढतो ना, ते लेन्समधून बघायची गोष्ट नाही, डोळ्यांनी बघा.

ग्रुप सांभाळायचा कसा? फोनने नाही. घड्याळाने. आम्ही ठरवतो, सात, दहा, मग सकाळी सात आणि दुपारी एक, ह्या वेळांना अमुक जागी यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कोण आलं नाही तर तो मजेत आहे असं समजून निघायचं. जागा ठरवताना "डनलॉप पुलाखाली" असं म्हणू नका, तिथे अजून दहा हजार लोकांनी हेच ठरवलेलं असतं. एखादा नंबर असलेला खांब, एखादं गेट, असं काहीतरी, आणि ते शुक्रवारी चौघांनी मिळून प्रत्यक्ष जाऊन बघून यायचं. आमच्यातल्या एकाने ते केलं नाही आणि रात्री दहाला तो दुसऱ्याच खांबाखाली अर्धा तास आमची आई-बहीण काढत उभा होता, आम्ही तिथून ऐंशी पावलांवर.

आणि सगळ्यांनी सगळं एकत्र करायचंच असं नाही. ग्रुपमध्ये एकजण लॅप टाइम पाठ असलेला असतो, एकजण वातावरणासाठी आलेला असतो, एकजण कॅमेरावाला. तिघांची रेस वेगळी आहे, राव. जेवायला एकत्र, स्टार्टला आणि फिनिशला एकत्र, पुरे.

झोपेचं नाटक. रात्रभर जागणार म्हणणारे सगळे पहाटे चारला खुर्चीत वाकडे झालेले दिसतात आणि नेमका सोनेरी वेळ हुकवतात. तुम्ही एक वाजता झोपा, साडेचारचा अलार्म लावा. तंबूतून बाहेर या, तर्त्र रूजच्या उतारावर जा. ओलं गवत, बाकीचं पब्लिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून आडवं, कुंपण मोकळं. सहाच्या सुमारास सूर्य येतो. ड्रायव्हर लोक ह्या वेळेला हॅपी आवर म्हणतात, हवा थंड, ट्रॅकवर रबर बसलेलं, गाड्या जोरात पळतात. आणि गाड्या दिसतात कशा! शनिवारी शोरूममधून आणल्यासारख्या असतात, आता नाकावर किडे चिकटलेत, हेडलाइटच्या काचा पिवळट, दरवाज्यावरचा नंबर काळ्या राडीखाली अर्धा गेलाय, कुठे बंपर टेपने बांधलाय. मागून तिरपं ऊन आणि धुकं असलं तर धुक्यात हेडलाइटचे खांब दिसतात. आठवडाभरातला माझा एक फोटो ठेवायचा म्हटलं तर तो इथलाच असेल, एक पोर्शे, ९११, अख्खं नाक काळं, १/१२५ ला, थोडी हललेलीच आहे.

ऊन वर आलं की कॅमेरा बॅगेत. सकाळी सातची भेट, कॉफी, आणि मग रविवारची दुपार रेडिओ कानाला लावून बघा, कारण रेस आता पूर्वीसारखी नाही, आधी बऱ्याच वेळा २४ तासांनंतर पहिला-दुसरा कित्येक लॅपच्या अंतराने यायचे, २०२४ ला नऊ गाड्या शेवटी एकाच लॅपवर होत्या आणि फेरारी जेमतेम चौदा सेकंदांनी जिंकली.

शेवटचा अर्धा तास पोडियमच्या (जिंकलेल्यांना उभं करतात तो मंच) बाजूला सरकत राहा, छोटी लेन्स लावून. रेस संपली की गेटं उघडतात आणि पब्लिक ट्रॅकवर उतरतं, त्यात वाहत जायचं. इथे लांब लेन्स गळ्यात असेल तर कुणाच्या तरी कपाळावर आपटेल. हात वर करून, कॅमेरा उलटा धरून, अंदाजाने काढा. लोकं रबराचे तुकडे गोळा करत असतात, तुम्ही पण एक उचला, चिकट असतं, बॅगेत कपड्यांना लावून ठेवू नका.

कार्ड रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी करा आणि एक कॉपी मित्राच्या बॅगेत. फोटो निवडायचं काम तिथे नका करत बसू, चांगले फोटो छोट्या स्क्रीनवर वाईट दिसतात आणि वाईट चांगले, मी एकदा ट्राममध्ये बसून भराभर डिलीट मारत सुटलो होतो, त्यात काय गेलं ते मला अजून माहीत नाही आणि तेच जास्त टोचतं.

रविवारची रात्र तिथेच काढली असेल आणि हाताशी गाडी असेल तर रस्ते परत उघडले की युनोदिएरवर एक चक्कर मारून या. डी३३८ नावाचा साधा रस्ता आहे, बाजूला दुकानं, घरं, सिग्नल. आम्ही गेलो तेव्हा आमच्या पुढे एक व्हॅन रमतगमत चाललेली, मागे बसलेल्या आमच्या लॅप टाइमवाल्याने फोन काढून स्टॉपवॉच लावलं, आणि पहिली शिकेन यायच्या आधीच तोंड उघडं टाकून झोपला. तो फोटो मी १/२००० ला काढलाय.